दाराच्या आतला सिनेमा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

छोट्या गावात अडकलेल्या माणसांच्या, कमी पैशांत केलेल्या झोंबीपटांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आधी आभार. "छान लिहिलंय" म्हणून पुढे जाणाऱ्यापेक्षा मुद्दा धरून भांडणारा वाचक मला जास्त हवासा वाटतो. तुमचं म्हणणं दोन ओळींत उरकण्यासारखं नाही, म्हणून स्वतंत्रपणे लिहितेय.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा सारांश. तुमच्या मते हे सिनेमे म्हणजे पैशांचा खडखडाट आहे: पाच-सात माणसं एका घरात कोंडायची, बाहेर डझनभर लोक तोंडाला पावडर फासून फिरवायचे आणि उरलेला वेळ भांडणात काढायचा. काहींत तर झोंबी दिसतच नाहीत. मी या नाइलाजाला कलेचा मुलामा देते. गाव निवडतात ते स्वस्त पडतं म्हणून, त्यात समाज शोधत बसायचं कारण नाही. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोने स्वतःच सांगितलंय की 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'चा नायक कृष्णवर्णीय म्हणून लिहिलेला नव्हता, तेव्हा त्यातून वंशभेदाचा अर्थ काढणं म्हणजे आपल्या मनातलं त्याच्या तोंडी घालणं. तो सिनेमा तुम्ही यूट्यूबवर पाहिलात, तो तुम्हाला अंधुक, खरखरीत आणि हौशी वाटला. अभिनयही नाटकी वाटला. आणि शेवटचा प्रश्न, मराठी वाचकाला या परदेशी मढ्यांशी काय देणंघेणं?

या प्रकारातले बहुतेक सिनेमे वाईट असतात, याबद्दल आपल्यात वाद नाही. डिजिटल कॅमेरे स्वस्त झाल्यापासून तर त्यांना पूर आलाय, आणि त्यातल्या बऱ्याचशांत पैसा आणि विचार दोन्हींची टंचाई असते. गरिबी हा गुण आहे असं मी लेखातही म्हटलेलं नाही. मी म्हटलंय ते वेगळं आहे. पैसा नसला की काय दाखवायचं नाही हे आधी ठरवावं लागतं, आणि गावात अडकलेल्या माणसांच्या गोष्टीत ते न दाखवणंच गोष्टीचा गाभा होऊन बसतं. हे नुसतं म्हणून पटणार नाही, म्हणून जरा तपशिलात जाते.

रोमेरो आणि त्याचे मित्र पिट्सबर्गमध्ये 'द लेटंट इमेज' नावाची कंपनी चालवत होते. जाहिराती आणि कारखान्यांसाठीच्या फिल्म्स करायचे. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'साठी दहा जणांनी सहाशे-सहाशे डॉलर घातले. मग आणखी माणसं जोडत रक्कम 1,14,000 डॉलरच्या आसपास गेली. चित्रीकरण 1967 च्या जून ते डिसेंबरमध्ये, मुख्यतः पिट्सबर्गच्या उत्तरेला इव्हान्स सिटी नावाच्या छोट्या गावाच्या आसपास झालं. शेतावरचं घर पाडायलाच काढलेलं होतं, म्हणून त्यात वाटेल तशी तोडफोड करता आली. त्या घराचं तळघर कामाचं नव्हतं, तर कंपनीच्या ऑफिसचं तळघर वापरलं. फिल्म कृष्णधवल, त्यामुळे रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप चालून गेलं. संगीत कॅपिटल या रेकॉर्ड कंपनीच्या तयार संगीतसंग्रहातून उचललं. सुरुवातीची गाडी निर्मात्यांपैकी एकाच्या, रसेल स्ट्रायनरच्या आईची होती. मध्येच तिला कुणीतरी ठोकून पोचा आणला, तर रोमेरोने गाडी झाडावर आदळते असा प्रसंगच लिहून टाकला.

हे सगळं पैशाअभावी झालं. आता त्या घराच्या आत काय दाखवलंय ते बघू.

नायक बेन घरात शिरतो आणि कामाला लागतो. हातोडी शोधतो, खिळे शोधतो. टेबल उलटं करून त्याचे पाय उखडतो, वरची फळी दाराला लावतो. आधीच तिथे आसऱ्याला आलेल्या बार्ब्राला लाकूड शोधायला सांगतो. ती धक्क्याने इतकी बधिर झालीय की भलतेच छोटे तुकडे घेऊन येते. ही ठोकाठोक बराच वेळ चालते, आणि ती चालू असतानाच तो बाहेर काय पाहिलं ते सांगतो: खानावळीपाशी पेटलेला पेट्रोलचा ट्रक, त्याच्या मागे लागलेले मुडदे. हाच प्रसंग ज्याच्याकडे पैसा आहे तो चित्रित करेल, ट्रक पेटवेल, शंभर माणसं पळवेल. रोमेरोला ते परवडणारं नव्हतं, म्हणून आपल्याला एक थकलेला माणूस खिळे मारता मारता बोलताना दिसतो. ट्रकची आग दोन मिनिटांत विसरली गेली असती. डोळ्यांसमोर फळ्या बसत गेल्यामुळे पुढे तासभर कोणती खिडकी पक्की आणि कोणती कच्ची हे प्रेक्षकाला पाठ असतं. कच्च्या खिडकीकडे कुणी पाठ करून उभं राहिलं की पोटात गोळा येतो.

आणि मग, सगळं ठोकून झाल्यावर, घराच्या आतलंच एक दार उघडतं. तळघराचं. खाली पाच माणसं पहिल्यापासून लपलेली होती. वर एक मुलगी किंचाळत होती, सामान मोडत होतं, आणि हे दाराला कान लावून बसले होते. बेन त्याचा जाब विचारतो. हॅरी कूपरचं उत्तर असं की आम्ही सुरक्षित जागी होतो, कुणाला तरी मदत लागेल म्हणून जीव धोक्यात का घालायचा? तुम्ही ज्याला "वेळकाढू भांडण" म्हणालात ते इथून सुरू होतं. वर थांबायचं की तळघरात? बेन म्हणतो, खाली तू मालक, वर मी. यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की त्या घरात घराचं कुणीच नाही. बार्ब्रा आणि तिचा भाऊ वडिलांच्या थडग्यावर फुलं ठेवायला दुरून आलेले. कूपर वाटसरू. बेन कुठला ते कुणाला माहीत नाही. घरातलं माणूस वर जिन्यापाशी मरून पडलंय. परक्या घरात परक्या माणसांनी "इथे कुणाचं चालणार" यावर भांडायचं, आणि बाहेर मेलेले वाट बघतायत. हा प्रसंग लिहायला पैसा लागत नाही हे तुमचं खरं. पण पैसा हाताशी असता तर तो लिहिला गेला असता का, याची मला शंका आहे.

आणि त्या वादाचा निकाल कसा लागतो बघा. सकाळपर्यंत जिवंत राहतो तो बेन, आणि वाचतो तो तळघरात शिरल्यामुळे. म्हणजे हेकट, भित्रा, दुसऱ्याला दार न उघडणारा हॅरी जागेच्या बाबतीत बरोबर होता. चांगला माणूस चुकतो आणि वाईट माणसाचा सल्ला कामी येतो, पण तो देणारा तोवर मेलेला असतो. पेट्रोल आणायला गेलेल्या कोवळ्या जोडप्याचा जीव बेनच्याच बेतात जातो. एवढा कडू हिशेब मांडायला बाहेरचा गोंगाट कमी असावा लागतो.

आता गावाबद्दल. गाव स्वस्त पडलं हे मान्य, पण गावातून रोमेरोला जे मिळालं ते स्टुडिओत मिळालं नसतं. सकाळी शेतांमधून बंदुका घेऊन येणारे लोक त्याच भागातले आहेत. त्यांच्या चालण्यात, कॉफी पिण्यात, कुत्र्यांना आवरण्यात शिकारीला निघाल्याची सवय दिसते, ती त्यांना कुणी शिकवलेली नाही. शेरिफची, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाची, मुलाखत घेणारा वार्ताहर हा पिट्सबर्गच्या टीव्हीवर भयपट सादर करणारा बिल कार्डिल. तिथल्या प्रेक्षकाला तो घरचा माणूस होता. रात्रभर ज्यांची वाट पाहिली ते हे सुटका करणारे, आणि खिडकीत हालचाल दिसताच ते बेनला कपाळात गोळी घालतात. हाक मारून बघत नाहीत. शेजारीपाजारी मिळून संकट निस्तरतायत, त्यात अनोळखी चेहऱ्याला जागा नाही. मग स्थिरचित्रं येतात, वर्तमानपत्रातल्या छायाचित्रांसारखी दाणेदार: प्रेत ओढायचे लोखंडी आकडे, प्रेत, चिता.

इथे तुमचा वंशभेदाचा मुद्दा येतो. बेनच्या भूमिकेत ड्वेन जोन्स या कृष्णवर्णीय नटाला घेतलं ते त्याची चाचणी सगळ्यांत चांगली झाली म्हणून, हे रोमेरो आयुष्यभर सांगत राहिला आणि ते खोटं मानायचं कारण नाही. पण भूमिका जशी लिहिली होती तशी जोन्सने केली नाही. कागदावरचा बेन रांगडा ट्रकवाला होता. जोन्सने त्याचं बोलणं बदलून त्याला संयमी, सुशिक्षित माणूस केलं. म्हणजे दिग्दर्शकाच्या मनात नसलेलं काहीतरी नटाने आणलं, आणि तेही सिनेमातच आहे. शिवाय सिनेमा पडद्यावर आला केव्हा? 4 एप्रिल 1968 ला मार्टिन ल्यूथर किंगची हत्या झाली. रोमेरो आणि स्ट्रायनर प्रिंट घेऊन गाडीने न्यूयॉर्कला निघाले असताना रेडिओवर त्यांनी ती बातमी ऐकली. पुढच्या आठवड्यात पिट्सबर्गमधली हिल डिस्ट्रिक्ट ही कृष्णवर्णीयांची वस्ती जळत होती. सहा महिन्यांनी, 1 ऑक्टोबरला, त्याच शहरातल्या फुल्टन थिएटरमध्ये पहिला खेळ झाला. शस्त्रधारी गोऱ्या जमावाने एका कृष्णवर्णीय माणसाला मारून आकड्याने ओढत चितेवर नेलं, हे त्या प्रेक्षकांनी पाहिलं. त्यांना त्यात अर्थ दिसायला रोमेरोच्या परवानगीची गरज नव्हती, आणि मलाही ती लागत नाही.

"झोंबी दिसतच नाहीत" या तक्रारीसाठी मला 'पाँटीपूल'बद्दल बोलायचंय, कारण मूळ लेखात मी त्याला फार कमी जागा दिली. ब्रूस मॅकडोनाल्ड या कॅनडाच्या दिग्दर्शकाचा हा 2008 चा सिनेमा, टोनी बर्जेसच्या कादंबरीवरून केलेला. ऑन्टारिओतलं पाँटीपूल हे छोटं गाव, बर्फाचं वादळ, आणि एका चर्चच्या तळघरातलं रेडिओ केंद्र. सिनेमा जवळजवळ सगळा त्या तळघरात घडतो. मोठ्या शहरातून घसरत इथे आलेला निवेदक ग्रँट मॅझी, त्याची निर्माती आणि एक तंत्रज्ञ मुलगी. बाहेर गावात लोक एकमेकांवर तुटून पडतायत अशा बातम्या येतात, पण येतात त्या फक्त फोनवर.

त्या केंद्राचा एक वार्ताहर आहे, केन लोनी. तो हेलिकॉप्टरमधून वाहतुकीची खबर देतो. खरं तर हेलिकॉप्टर नाहीच. तो टेकडीवर गाडी लावून बसतो आणि मागे पंख्याचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवतात. गरीब केंद्राची ही साधी युक्ती. एरवी ती गमतीची वाटली असती, पण त्या सकाळी केनचा आवाज हाच गावाकडे बघायचा एकुलता एक डोळा असतो. तो कुठेतरी लपून, श्वास रोखून, समोर काय चाललंय ते कुजबुजत सांगतो, आणि आपण बघत असतो ग्रँटचा चेहरा. ग्रँटचं काम करणारा स्टीफन मॅकहॅटी हा नट ऐकतो कसा, ते खरंच बघण्यासारखं आहे. आधी बातमी चांगली मिळाल्याची चमक, मग शंका, मग माइकसमोर काय बोलावं हे न सुचणं. बाहेरचा एक शॉट दाखवला असता तर त्या चेहऱ्याकडे कुणी बघितलंच नसतं.

पुढे कळतं की रोग बोलण्यातून पसरतोय. काही इंग्रजी शब्दांना लागण झालीय, त्यातही मायेच्या, लाडाच्या शब्दांना आधी. रेडिओवाल्यासाठी याहून वाईट काय असेल? गप्प बसावं तर गावाला इशारा द्यायला कुणी नाही, आणि बोलावं तर आपणच रोग वाटतोय. गावातलं केंद्र असल्यामुळे ऐकणारे लोक त्यांच्या ओळखीचे आहेत. ग्रँट मेलेल्यांची नावं घेऊन मृत्यूची वार्ता वाचतो तेव्हा ती आकडेवारी वाटत नाही, अमक्याचा भाऊ आणि तमकीचा नवरा गेल्यासारखं वाटतं. तुम्ही याला नाइलाज म्हणाल. मला तर वाटतं, हा सिनेमा दसपट पैशांत केला असता तर कुणीतरी कॅमेरा हटकून गावात नेला असता आणि गोष्ट तिथेच संपली असती.

पैसा आल्यावर काय होतं याचा एक थेट पुरावाही आहे. रोमेरोने 1973 मध्ये पुन्हा इव्हान्स सिटीतच 'द क्रेझीज' केला. त्यात मेलेले उठत नाहीत. लष्कराचं विमान पडून जैविक अस्त्र गावाच्या पाण्यात मिसळतं, माणसं वेडी होतात आणि पांढऱ्या पोशाखातले, तोंडावर मास्क चढवलेले सैनिक गाव वेढतात. सिनेमा खडबडीत आहे, काही जागी रेंगाळतोही. पण त्याचा मोठा भाग वेढा घालणाऱ्यांच्या गोंधळावर खर्च झालाय: कुणाला कुणाचे हुकूम पोहोचत नाहीत, आणि उपाय हाती लागलेला शास्त्रज्ञ रोग्यांच्या चेंगराचेंगरीत मरतो कारण सैनिकांना तो रोग्यांपैकीच वाटतो. 2010 च्या नव्या आवृत्तीत पैसा भरपूर, छायाचित्रण देखणं, दचकवणारे प्रसंग जोरदार. त्यात लष्कर म्हणजे बिनचेहऱ्याचा धोका, आणि आपण शेरिफ नि त्याच्या बायकोबरोबर पळत सुटतो. बघायला मजा येते. मात्र गाव बंद करणाऱ्यांचीही त्रेधा उडालेली असते, ही जुन्या सिनेमातली सगळ्यांत भीतिदायक गोष्ट त्यातून निघून गेली.

अभिनयाबद्दल फार बोलत नाही. कार्ल हार्डमन हॅरी म्हणून ओरडतो जास्त, हे मलाही जाणवतं. बार्ब्रा निम्मा सिनेमा गप्प बसते यावर टीका झालीच. 1990 च्या नव्या आवृत्तीसाठी रोमेरोने पटकथा लिहिली तेव्हा तिला कणखर केलं. मला जुनी बार्ब्राच खरी वाटते. भावाला डोळ्यांदेखत मरताना पाहिलेलं माणूस लगेच बंदूक उचलतं यावर माझा विश्वास बसत नाही.

मराठी वाचकाला काय देणंघेणं, हा प्रश्न मात्र मला लागला. आदित्य सरपोतदारांनी 2022 मध्ये 'झोंबिवली' केला, अमेय वाघ, ललित प्रभाकर आणि वैदेही परशुरामी यांना घेऊन, आणि टॉवर नि वस्ती यांचा झगडा त्यात आणला. म्हणजे हा प्रकार आपल्याकडे आलेलाच आहे. पण मी त्याच्याही आधीचं काही सांगते. 2020 च्या मार्च-एप्रिलमध्ये महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांनी वेशीवर दगड, झाडाच्या फांद्या, काटेरी झुडपं आडवी टाकून रस्ते बंद केले. बाहेरच्यांना प्रवेश नाही, अशा पाट्या लावल्या. मे महिन्यात मुंबईहून कोकणात परतलेल्या आपल्याच चाकरमान्यांना गावाबाहेर नाहीतर शाळेत चौदा दिवस काढावे लागले. पोरगा घरात यायचा की नाही यावरून भावकीत कडाक्याची भांडणं झाली. ज्यांनी रस्ता अडवला ते दुष्ट नव्हते. त्यांच्या घरात म्हातारी माणसं होती आणि जवळच्या दवाखान्यात ऑक्सिजन नव्हता. ज्यांना अडवलं त्यांचंही चुकत नव्हतं. मुंबईच्या दहा बाय दहाच्या खोलीत, काम बंद झाल्यावर, ते राहणार कसे? तळघराच्या दारामागून हॅरी कूपर जे बोलतो ते आपण आपल्या वेशीवर, आपल्या मराठीत ऐकलंय. मढी परदेशी आहेत, पण दार आतून लावून घेणारे आणि बाहेरून ठोठावणारे दोघेही आपल्या चांगले ओळखीचे आहेत. हे सिनेमे मला त्यासाठी हवे असतात.

राहिला प्रश्न अंधुक दिसण्याचा. तो सिनेमाचा दोष नाही, तुम्हाला मिळालेल्या कॉपीचा आहे. सिनेमाचं मूळ नाव 'नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स' होतं. वितरक वॉल्टर रीड यांनी ते बदललं आणि नव्या नावाची पाटी बसवताना स्वामित्वहक्काची ओळ गळाली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यानुसार ती ओळ नसेल तर हक्क जायचा, आणि तो गेला. करणाऱ्यांचं अतोनात नुकसान झालं. दुसरीकडे सिनेमा कुणीही दाखवू लागलं, टीव्हीवर, कॅसेटवर, कुठेही. हळू चालणारे, माणूस खाणारे, डोक्यात गोळी घातल्याशिवाय न मरणारे मुडदे कुणाच्या मालकीचे राहिले नाहीत. गावोगावच्या बिनपैशांच्या पोरांना झोंबीच का सुचतो, त्याचं मोठं कारण हे आहे. आणि त्याच मोकळीकीमुळे प्रतीवरून प्रत, त्या प्रतीवरून आणखी प्रत असं होत तुमच्यापर्यंत करडा चिखल पोहोचला.

मूळ चित्रीकरण पस्तीस मिलिमीटरचं आहे. न्यूयॉर्कचं म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट आणि जुने सिनेमे जपणारी संस्था द फिल्म फाउंडेशन यांनी मूळ निगेटिव्हवरून त्याचं नूतनीकरण केलं, ते 2016 मध्ये दाखवलं गेलं, आणि 2018 मध्ये क्रायटेरियन या कंपनीने ते डिस्कवर आणलं. ती आवृत्ती मिळवून पुन्हा बघा. छायाचित्रण आणि संकलन दोन्ही रोमेरोचंच आहे. खिळे ठोकण्याच्या प्रसंगात दिवा कुठे ठेवलाय, फळीची सावली भिंतीवर कशी पडते, हातोडीच्या ठोक्यावर शॉट कुठे तुटतो, हे त्या प्रतीत स्वच्छ दिसतं. त्यानंतरही तो हौशी वाटला तर कोणत्या शॉटला वाटला ते लिहा, त्या शॉटवर बोलू. 'पाँटीपूल' मात्र रात्री, दिवे घालवून आणि हेडफोन लावूनच बघा. त्यातलं निम्मं काम आवाजाचं आहे आणि फोनच्या स्पीकरवर ते ऐकूच येत नाही.